‘पोराले तं दोन आहेत’: सिकलसेल, मलेरिया आणि अर्धीच पोचलेली एक गोष्ट

हे प्रकरण गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या धानपट्ट्यातल्या एका कुटुंबाचं आहे. नावं, गाव आणि जमात गाळली आहे, वयं आणि महिने थोडे हलवले आहेत. आशाताई आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणात आम्ही ते वापरतो. यात कुणी हलगर्जी केली नाही, उलट सगळे जीव तोडून काम करत होते. तरीही एक अडीच वर्षांचं पोर मरणाच्या दारातून परत आलं, आणि त्यामागे एक शास्त्रीयदृष्ट्या खरी गोष्ट होती.

पार्श्वभूमी

घर लहान शेतकऱ्याचं. दोन एकर धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. नवरा २६ वर्षांचा, बायको २२ची. सासू, सासरे, लग्नाचा दीर आणि अडीच वर्षांचा मुलगा.

मुलगा दहा महिन्यांचा असताना त्याच्या दोन्ही हातांची बोटं आणि पावलं फुगली होती. कुठेतरी आपटलं असेल म्हणून हळद-तेल लावलं, पुजाऱ्याकडे नेलं. आठवड्याभरात सूज उतरली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाळांमध्ये बहुतेकदा हेच पहिलं लक्षण असतं, आणि बहुतेकदा ते असंच निसटतं. त्याआधी काही दिसत नाही, कारण जन्मानंतरचे काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते लाल पेशींना विळ्यासारखं वाकू देत नाही. ते ओसरलं की आजार डोकं वर काढतो. पुढे दीड वर्षाचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. तेव्हाही ‘अंगात रक्त कमी आहे’ एवढंच सांगून टॉनिक दिलं गेलं.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, पोर पाय दुखतात म्हणून रात्रभर किंचाळत होतं. ग्रामीण रुग्णालयातून त्याला पुढे पाठवलं. हिमोग्लोबिन ७.१. डोळे पिवळसर. प्लीहा वाढून बरगडीखाली चार सेंटिमीटर लागत होती. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी रक्तात ‘एस’, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आहे एवढंच सांगते, त्याच्या जनुकाची प्रत एक की दोन ते सांगत नाही. म्हणून नमुना एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीला गेला. ‘एस’ ७४ टक्के, गर्भातलं ‘एफ’ २१ टक्के, नेहमीचं ‘ए’ अजिबात नाही. म्हणजे एसएस, सिकलसेल पीडित.

त्याच वेळी आई नऊ आठवड्यांची गरोदर होती. तिनं पहिल्या बाळंतपणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यात निळ्या शाईत लिहिलेलं होतं: ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’. त्याखालच्या ‘पतीची तपासणी’ या रकान्यात काहीच नव्हतं.

प्रश्न काय होता

कागदावर प्रश्न दोन होते: मुलाचे उपचार आणि पोटातल्या बाळाची तपासणी. प्रत्यक्षात दोन्हींच्या आड तिसराच येऊन बसला. नवरा रक्त द्यायला तयार नव्हता. “मले काई झालं नाही, मी काहून सुई घेऊ?” आणि सासूनं निकाल देऊन टाकला होता की हे सुनेच्या माहेरचं रक्त. सून मान खाली घालून ऐकत होती. तिच्या कार्डावर तसं लिहिलेलंच होतं ना.

खरं तर मुलाचा रिपोर्ट पाहून बापाबद्दलही बरंचसं सांगता येत होतं. सिकलसेलचा दोष ज्या जनुकात असतो ते प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून, एक बापाकडून. मुलात ‘ए’ शून्य आहे म्हणजे दोन्हीकडून सदोष प्रत आली. बापाची तपासणी हवी होती ती वेगळ्या कारणानं: त्याच्याकडे सिकलसेलचं जनुक आहे की बीटा थॅलसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं? दोन्हींत मुलाचा रिपोर्ट जवळपास सारखा दिसू शकतो, आणि पुढच्या गर्भाची तपासणी करायची तर प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते आधी कळावं लागतं.

पहिला निर्णय: नवऱ्याला कसं वळवायचं

समुपदेशक ताईंपुढे तीन वाटा होत्या. पहिली, सरळ सांगायचं की तुमच्याकडून आल्याशिवाय हे होऊच शकत नाही. शास्त्र म्हणून बरोबर. पण हे वाक्य घरात गेलं की दोन दिवसांत ‘मग पोर माझं आहे ना?’ इथवर पोचतं, हे या भागात काम केलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. दुसरी वाट धाक दाखवायची: तपासणी नाही केली तर पुढचं मूलही असंच होईल. त्यानं माणूस दवाखान्यात येणंच बंद करतो.

ताईंनी तिसरी वाट घेतली. त्यांनी मलेरियाची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदललं, अॅडेनिनच्या जागी थायमिन आलं, की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा. पण ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतं आणि पेशी वाकडी होते. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी अशा वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. तो नेमका एका अमिनो आम्लाचा, हे पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. भारतात १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये हे जनुक सापडलं, आणि पुढे महाराष्ट्रात नंदुरबार, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत.

आता कोडं असं: जे जनुक लहानपणीच मुलं मारतं, ते हजारो वर्षांत नाहीसं का झालं नाही? अँथनी अॅलिसन हे केनियात वाढलेले. त्यांना दिसलं की जिथे मलेरिया फार तिथेच हे जनुकही फार, आणि उंच, थंड, डास नसलेल्या भागात ते विरळ. १९५४ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यांच्याकडे एकच प्रत आहे ते, म्हणजे एएस वाहक, मलेरियातून जास्त वाचतात. आज आपल्याला ठाऊक आहे की वाहकांना फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा मलेरिया गंभीर होण्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो. परोपजीवी शिरलेली पेशी वाहकाच्या शरीरात लवकर वाकते, प्लीहा तिला गिळून टाकते, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या जागी परोपजीवीची वाढही खुंटते.

मलेरियानं हे जनुक घडवलं नाही. बदल आपोआप, आंधळेपणानं झाला. मलेरियानं फक्त तो ज्यांच्यात होता त्यांना जगू दिलं. बीटा थॅलसेमिया आणि ईशान्येकडचं हिमोग्लोबिन ई यांची कथा याच जातकुळीची. उत्परिवर्तन चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या प्रदेशात, कुठल्या आजाराशेजारी आणि किती प्रती, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ताईंनी घरच्यांना हे साध्या शब्दांत सांगितलं. हे घाणेरडं रक्त नाही. तुमच्या आज्या-पणज्यांना जंगलातल्या तापात यानंच वाचवलं. ज्याच्यात हे आहे त्याला तापानं मरण सहसा येत नाही. यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही.

परिणाम तिथल्या तिथे दिसला. सासरे इतका वेळ भिंतीला टेकून गप्प होते. ते म्हणाले की गावात तापाची साथ आली तेव्हा त्यांच्या घरातलं कुणी दगावलं नव्हतं. ते या जनुकामुळे की नशिबानं, कुणी सांगावं, पण म्हाताऱ्याला ते पटलं. नवऱ्यानं बाही वर केली. रिपोर्ट आला: ‘ए’ ६३ टक्के, ‘एस’ ३२, थॅलसेमियाच्या वाहकात वाढतं ते ‘ए-टू’ वाढलेलं नाही. एएस वाहक, थॅलसेमिया नाही. आईचाही तसाच. सासूनं सुनेच्या माहेरचं नाव त्यानंतर काढलं नाही.

इथवर कुणीही ताईंची पाठ थोपटली असती.

दुसरा निर्णय: पोटातलं बाळ

दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक, एएस असण्याची दोन, पूर्ण निरोगी असण्याची एक. सासूचा हिशेब वेगळा होता: एकाला झालं, म्हणजे आता पुढची तीन सुटली. हा गैरसमज जवळपास प्रत्येक घरात भेटतो. ताईंनी प्रत्येक पालकाच्या मुठीत एक लाल, एक पांढरा मणी दिला आणि न बघता एकेक काढायला लावला. पहिल्याच दोन खेपांना लागोपाठ दोन लाल आले. सासू चरकली, पण मुद्दा पोचला: मण्यांना मागचं काही आठवत नाही.

पर्याय असे होते.

अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा काढून जनुकाची तपासणी. त्यासाठी नागपूर, म्हणजे जवळपास २०० किलोमीटर, मुक्काम आणि आजारी पोराला कुणाकडे तरी सोडून जाणं. शिवाय हा काळ बरोबर जुलैच्या सुरुवातीला येत होता. रोवणी सुरू झालेली आणि नाल्यांवरचे रपटे कधी बुडतील याचा नेम नाही.

सोळा आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी. रोवणी उरकते, पण रिपोर्ट हातात येईपर्यंत वेळ कमी उरतो. गर्भपात कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे अटी वाढतात. दोन्ही तपासण्यांत गर्भ जाण्याचा धोका असतो. सरावाच्या हातांत तो एक टक्क्याहून कमी.

तिसरा पर्याय, गर्भाची तपासणी न करता बाळ जन्मल्याबरोबर त्याची तपासणी.

इथे एक नोंद. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी आहे, पण लिंग सांगता येत नाही. दिरानं हळूच विचारून पाहिलंच. ताईंनी विषय तिथेच तोडला.

नवरा म्हणाला, जायचं नाही, जे होईल ते होईल. घरातल्या पुरुषाचा शब्द लिहून फाइल बंद करणं सोपं होतं. ताईंनी तसं केलं नाही. दुसऱ्या भेटीत वजन करायच्या निमित्तानं त्यांनी बाईला आतल्या खोलीत नेलं आणि तिला एकटीला विचारलं. तिचं उत्तरही नाहीच होतं, पण कारण निराळं. बाहेर बाकावर झोपलेल्या पोराकडे बोट दाखवून ती म्हणाली, “याले पाडलं तं त्याले काय सांगू?”

ताईंनी पुन्हा विचारलं, तपासणी केली म्हणजे पाडावंच लागतं असं नाही, आधी कळलं तर तयारी करता येते. ती म्हणाली, तयारी जन्मल्यावरही होते ना? ताईंनी होय म्हटलं, कारण ते खरं होतं. फाइलवर लिहिलं: ‘गर्भतपासणी नको, निर्णय पत्नीशी स्वतंत्र बोलून. जन्मानंतर लगेच तपासणी.’ प्रशिक्षणात या ओळीवर मी नेहमी थांबतो. पहिल्या अर्ध्या भागासाठी ताईंना दोष देणारे खूप भेटतात, दुसऱ्या भागाचं मोल फार थोड्यांना कळतं.

उपचारांतली एक अडचण

मुलाला फॉलिक आम्ल, रोजचं प्रतिजैविक, न्यूमोकोकल लस आणि हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं. हायड्रॉक्सीयुरिया रक्तातलं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणून दुखण्याचे झटके कमी होतात. प्रतिजैविक पेनिसिलिन असावं असं पुस्तक सांगतं. त्याच्या गोळ्यांचा पुरवठा नेहमी असतोच असं नाही, म्हणून अमॉक्सिसिलिन दिलं.

हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि पोर १२ किलोचं. म्हणून कॅप्सूल उघडून १० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची आणि सिरिंजनं अडीच मिली पाजायची, उरलेलं फेकायचं. औषध वाटपाच्या खिडकीवर हे आईला दाखवलं जात होतं. बालरोग विभागाच्या सिस्टर मध्ये पडल्या: ही बाई गरोदर आहे, तिनं या भुकटीला हात लावायचा नाही. पेशींची वाढ रोखणारं औषध आहे ते. मग बापाला बोलावलं. त्यानं हातमोजे घालून, खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून, तीनदा ते करून दाखवलं. दहा मिलीची खूण त्यानं नखानं ओरखडली. रोज सकाळी शेतात जायच्या आधी हे काम त्याचं, असं ठरलं, आणि त्यानं ते चुकवलं नाही. ऑगस्टच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.३ होतं. झटका एकही नव्हता.

सप्टेंबर

धान पोटरीला आला तेव्हा गावात ताप सुरू झाला. मुलाला ताप येऊन दोन दिवस झाले तरी घरातून कुणी आशाताईंकडे गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर पांढरंफटक पडलं, दूध ओकलं, मान टाकायला लागलं. आशाताईंनी घरीच किटवर रक्त घेतलं: फाल्सिपेरम पॉझिटिव्ह. रुग्णवाहिकेनं रुग्णालयात आणलं तेव्हा हिमोग्लोबिन ३.९.

काचपट्टीवर परोपजीवी मात्र फार नव्हते. तिथल्या तरुण डॉक्टरांना ते विचित्र वाटलं: इतके थोडे जंतू आणि पोर एवढं खालावलेलं? यात विचित्र काही नाही. एसएस रक्तातही परोपजीवी फारसा फोफावत नाही. पण या मुलाचं हिमोग्लोबिन मुळातच सात-आठावर उभं असतं, पेशी थोडेच दिवस जगतात, प्लीहा धड काम करत नाही. वाहकाला वाचवणारी तीच पेशी तोडण्याची क्रिया इथे उरलंसुरलं रक्त संपवते. जंतूंची संख्या बघून मलेरिया ‘सौम्य’ ठरवणं इथे जिवावर बेततं.

मलेरियावरच्या आर्टिसुनेटची इंजेक्शनं आणि थोडं थोडं करून दोनदा रक्त दिलं. हायड्रॉक्सीयुरिया काही दिवस थांबवलं. चौथ्या दिवशी पोरानं भात मागितला.

मग ताईंनी सासूला विचारलं, ताप आला तर लगेच या असं सांगितलं होतं ना? सासूला खरोखर आश्चर्य वाटलं. म्हणाली, “तुम्हीच सांगितलं ना जी. एकानं ताप लागत नाही, अन् पोराले तं दोन आहेत.”

घरात औषध लावलेल्या दोन मच्छरदाण्या होत्या. एक गरोदर सुनेला. दुसरी, बरीच चर्चा करून, सासऱ्यांना, कारण त्यांची तपासणी झाली नव्हती, म्हणजे त्यांच्याकडे ‘ते’ नसेल तर? नातू आजोबांच्या शेजारीच, छपरीत, उघड्यावर झोपायचा. त्याला दुप्पट संरक्षण आहे या हिशेबानं. बापही मच्छरदाणीशिवाय.

या तर्कात कुणाला हसू येत असेल तर त्यानं थोडं थांबावं. ‘एक प्रत वाचवते’ एवढंच कानावर पडलं तर ‘दोन प्रती जास्त वाचवतात’ हा सरळ निष्कर्ष आहे. घरातल्या शहाण्या बाईनं मिळालेल्या माहितीवरून मच्छरदाण्यांची वाटणी नीट विचार करून केली होती. माहिती अर्धी होती.

निष्पत्ती

जानेवारीत मुलगी झाली. रुग्णालयात बाळंतपण, वजन अडीच किलो. टाचेतून नमुना घेतला. नवजात बाळाला सोल्युबिलिटी उपयोगाची नसते, म्हणून थेट एचपीएलसी. ‘एफ’ आणि ‘एस’ दिसलं, ‘ए’ नाही. पुढच्या तपासणीत पक्कं झालं: तीही एसएस.

बैठकीत एका वरिष्ठांनी हे ‘समुपदेशन अयशस्वी’ या खान्यात टाकायला सांगितलं. वाद झाला. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: समुपदेशनाचं यश किती गर्भ टाळले यावर मोजायला लागलो की आपण वेगळंच काही करत असतो. या बाईला पर्याय कळले होते, मुदत कळली होती, एकटीला बोलायला मिळालं होतं, आणि तिनं ठरवलं. शक्यतेचा आकडा तिच्या बाजूनं पडला नाही, एवढंच.

जन्मतःच कळल्याचा फायदाही खरा आहे. मुलीला दुसऱ्या महिन्यापासून प्रतिजैविक मिळालं. लसी वेळेवर झाल्या. आईला पोटावर बोटं ठेवून प्लीहा चाचपायला शिकवलं आणि ती वाढलेली लागली तर पाणी प्यायलाही न थांबता निघायचं, हे सांगितलं, कारण लहान बाळाचं रक्त काही तासांत प्लीहेत साचून जीव जाऊ शकतो. भाऊ दहा महिन्यांचा असताना ज्या सुजेनं पुजाऱ्याकडे गेला, तसली सूज मुलीला वर्षभरात एकदाच आली, आणि आई तिला त्याच दिवशी घेऊन आली. तापासाठी एकदा दाखल केलं. मुलाचं हिमोग्लोबिन आता नवाच्या आसपास असतं. घरात चार मच्छरदाण्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी तीन वर्षांपूर्वी गेली होती, त्या रिकाम्या रकान्यात. पहिल्या गरोदरपणात पॉझिटिव्ह आलेल्या बाईच्या नवऱ्याला तेव्हाच बोलावलं असतं तर मुलाचं निदान सूज येण्याआधी झालं असतं. महाराष्ट्रात सिकलसेलचा कार्यक्रम दीड दशकाहून जुना आहे, आणि १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासण्यांचे आकडे वाढवणं जमतं. पॉझिटिव्ह आलेल्या बाईमागचा नवरा शोधून आणणं हे चिकाटीचं, न दिसणारं काम आहे आणि आकडेवारीत त्याला रकाना नसतो.

मलेरियाची गोष्ट सांगायचीच नाही का? काही सहकाऱ्यांचं तेच म्हणणं होतं. मला ते पटत नाही. त्या गोष्टीशिवाय नवऱ्याचं रक्त मिळालं नसतं आणि सुनेवरचा बोल उतरला नसता. ‘तुमचं रक्त सदोष’ एवढंच ऐकत आलेल्या माणसांना, याच रक्तानं तुमचे पूर्वज तगले, हे सांगणं उपकार नव्हे, ते सत्य आहे. पण ती तीन भागांत सांगावी लागते, आणि तिन्ही एकाच बैठकीत. एक प्रत: ताप गंभीर होण्याचा धोका कमी, पण ताप येतोच, मच्छरदाणी हवीच. दोन प्रती: मलेरिया जास्त घातक, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. एकही नाही: आधार नाही, मच्छरदाणी हवीच. तिन्हींत मच्छरदाणी आहे, आणि हे मुद्दाम दाखवायचं.

दुसरा बदल त्याहून साधा. सांगून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारायचं: आता तुमच्या घरी रात्री कोण कुठे झोपणार, ते मला सांगा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. झोपण्याच्या जागा विचारल्या असत्या तर जूनमध्येच ‘पोराले तं दोन आहेत’ ऐकायला मिळालं असतं.

वेळेचाही एक मुद्दा आहे. नागपूरची तपासणी रोवणीत येते हे जूनमध्ये दिसत होतं. बाईचा निर्णय तोच राहिला असता असं मला वाटतं, पण रोवणीची मजुरी आणि प्रवासखर्च यांची सोय आधी करून मग विचारलं असतं, तर तो निर्णय पैशाच्या दडपणाखाली झाला नाही हे छातीठोकपणे म्हणता आलं असतं. आज तसं म्हणता येत नाही.

राहिला दीर. त्याची तपासणी झाली, तोही एएस निघाला. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. लग्नाआधी दोन्हीकडची रक्ततपासणी करा हा प्रचार योग्यच आहे, पण गावात त्याचा अर्थ पटकन ‘वाहक मुलगी नको’ असा होतो. वाहक मुलाचं लग्न अडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. वाहकानं सिकलसेल किंवा थॅलसेमियाचं जनुक नसलेल्याशी लग्न केलं तर एकही मूल पीडित होत नाही, मग वाहक मुलगी असो की मुलगा. ताईंनी दिराला कार्ड स्वतःजवळ ठेवायला सांगितलंय आणि मुलीकडच्यांशी बोलणी सुरू झाली की आपण होऊन दाखवायला. तो दाखवेल की नाही ते पुढच्या उन्हाळ्यात कळेल. नवऱ्याची बहीण दुसऱ्या गावात दिलेली आहे, तिची तपासणी अजून बाकी आहे. तिथल्या आशाताईंना निरोप गेला आहे.